आज नाही

कास्त्रोच्या बंदरात, जाळी विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर
यास्ना मान्सिया बसते.
पहाटे साडेपाचला फोन: उत्तरेचा वारा सुटलाय,
केवी बेटाची लाँच बंद.

तिचं काम एवढंच.
एक लाल पट्टी, पट्टीवर दोन शब्द, 'आज नाही',
आणि ती दिसावी फक्त केवीच्या पानांवर.
वेळापत्रक, भाडं, गुराढोरांचे नियम,
शेवटी तिरपी रेघ असलेले पत्ते, नसलेले,
एकूण एकवीस.
एकवीस पत्ते हाताने कोण लिहीत बसणार?
शेगडीवर किटली ठेवली आणि तिने साचा लिहिला.

क्यू, यू, ई.
पुढे टिंब, म्हणजे कोणीही या.
टिंबापुढे तारका,
म्हणजे कितीही जण या, कोणी नाही आलं तरी राग नाही.
इतकं मोकळं आवतण
तिने स्वतःच्या लग्नाचंही कुणाला दिलं नव्हतं.

साच्याला समुद्र ठाऊक नसतो.
क्यू, यू, ई दिसलं की तो दार उघडतो.
केवी आत आलं.
मागोमाग केनाक आलं,
जिथलं पाणी त्या सकाळी ताटातल्या पाण्यासारखं निश्चल.
'काय काय सोबत घ्यावं' हे पान आलं,
कारण तिथल्या भाषेत 'काय'ची अक्षरंही हीच तीन.
तक्रारींचं पानही आलं, त्याचंही नाव तसंच सुरू होतं.
म्हणजे ज्याला कुरकुर करायची
त्यालाही पट्टी सांगत होती,
आज नाही.

अचाओच्या धक्क्यावर हेरासिमो चिग्वाय,
बियाण्याच्या बटाट्यांची तीन पोती,
खिशात रुमालात गुंडाळलेला आईचा नवा चष्मा.
त्याने फोन पाहिला. मग पाणी पाहिलं.
पुन्हा फोन पाहिला.
पोती परत चुलतभावाच्या गाडीत चढवली.
पाठीमागे केनाकच्या लाँचने भोंगा दिला आणि ती निघाली,
सात जागा रिकाम्या घेऊन.

दुपारी त्याचा फोन आला. आवाज चढला नव्हता,
तेच तिला जड गेलं.
"वाटलं, तुम्हाला वरून काही दिसत असेल,
जे मला खालून दिसत नाही."

यास्नाने थंड झालेला माते संपवला.
साच्याच्या डोक्यावर टोपी घातली: सुरुवात इथूनच.
केवीचं नाव पुरतं लिहिलं, अर्धवट नाही.
शेवटी पेसोची खूण: इथे संपलं.
(पेसो आला की गोष्ट संपते,
हे तिला कोणी शिकवायला नको.)
टिंब-तारका ठेवली, पण नावाच्या कुंपणाआत,
जितकं फिरायचं तितकं तिथल्या तिथे फिरा.
आणि पत्त्यातलं जे टिंब खरंच नुसतं टिंब होतं
त्याच्या आधी उलटी रेघ उभी केली:
बाबा रे, तू आता कोणीही नाहीस. तू फक्त तू.

मग एकेक पत्ता घालून पाहिला.
केनाक बाहेर. तक्रारी बाहेर.
वीस जुळले.
एक हटून बसला.
कुणीतरी फार वर्षांपूर्वी
केवी लिहिताना एच गाळला होता.
बोलताना तसाही तो कोणी उच्चारत नाही.
तिने एचपुढे प्रश्नचिन्ह ठेवलं:
असलास तर ये, नसलास तरी चालेल.
एकवीस.

संध्याकाळी तिने हेरासिमोला आपणहून फोन केला.
सांगितलं, चूक माझी होती,
उद्या सातला लाँच आहे, पट्टी नसेल.
तो म्हणाला, बरं.
मग थोडा थांबून:
"येतो. पण आधी
धक्क्यावर उभा राहून बघेन."